शेजारच्या बायजाबाई

शेव्याच्या कोळीवाड्यात मॅट्रिक झालेला पहिला मुलगा म्हणजे गंगूचा धर्मराज. त्याचा बाप रामचंद्र खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला, तेव्हा धर्मराज नुकताच अक्षरं गिरवायला लागला होता. गंगूनं तेव्हा मासळीची पाटी डोक्यावर घेतली ती घेतलीच. मिठागरांच्या बांधावरून उरणचा बाजार गाठायचा, पाटी रिकामी करायची आणि ऊन डोक्यावर घेऊन परत यायचं. "माझ्या पोराच्या हाताला जाल्याचा वास लागाचा नाय," असं ती सगळ्यांना सांगायची. तसा तो तिनं लागू दिलाही नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली धर्मराजला मुंबईत फोर्टातल्या एका जहाज कंपनीत कारकुनी मिळाली. माझगावला चार जणांत एक खोली, आणि शनिवारी मोरा बंदराच्या लाँचनं घरी. नोकरी तात्पुरती होती, पण कोळीवाड्याला त्याचं काय? गंगूचा पोरगा साहेबाच्या हापिसात बसतो, एवढं पुरे होतं.

हापिसात मात्र धर्मराज घराबद्दल कधी बोलत नसे. कुणी विचारलं तर "आडनाव कोळी असलं तरी उरणकडे आमची थोडी भातशेती आहे, मिठागरात भागीदारी आहे," असं काहीतरी म्हणून विषय बदलायचा. सोमवारी घरून येताना आई डब्यात सुक्या बोंबलाची चटणी द्यायची. ती तो लाँचवरच संपवायचा आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या साबणानं हात धुवायचा. त्याच्या विभागाचे मुख्य कारकून वामनराव हे मूळचे उरणचेच. पोटभर हसणारे, पोरांना सांभाळून घेणारे. त्यांनीच एक दिवस त्याला बाजूला घेतलं.

"धर्मराज, कायम करायच्या यादीत तुझं नाव घालतोय. पण तुझ्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख! कंपनीला जन्माच्या नोंदीची नक्कल लागते. उरणला कचेरीत माझा मावसभाऊच रेकॉर्ड बघतो. चिठ्ठी देतो, शनिवारी जाऊन ये."

शनिवारची रजा काढून धर्मराज शुक्रवारी रात्रीच घरी आला. त्यानं सांगितलं तशी गंगू म्हणाली, "मी येतंय संगती. तू कवा जन्मलास ते तुला काय ठावं?"

"तू कशाला, आये? चिठ्ठी आहे माझ्याकडे."

"चिठ्ठी होती काय रं बालंतपनाला?"

ती ऐकणार नव्हती. शनिवारी पहाटेच्या बोटीवरची ताजी पापलेटं तिनं निवडून घेतली. कारकुनाला द्यायची म्हणून वेगळी पाटी भरली, वर ओलं फडकं घातलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि निघाली. वाटेत धर्मराज चार पावलं पुढे चालत राहिला. पाटीतलं पाणी आईच्या खांद्यावरून लुगड्यावर ओघळत होतं, ते त्यानं मागे वळून दोनदा पाहिलं.

कचेरीच्या पायरीवर पट्टेवाला ओरडला, "ए बाई, पाटी बाहेर ठेव! ही कचेरी आहे, बाजार नाही." गंगूनं निमूटपणे पाटी व्हरांड्यात भिंतीशी ठेवली. धर्मराज आत गेला आणि जागच्या जागी थबकला. रेकॉर्डच्या टेबलापाशी, मावसभावाशी गप्पा मारत, पायावर पाय टाकून खुद्द वामनराव बसले होते. सुट्टीला गावी आले होते.

"ये, ये! अरे भाऊ, हाच तो आमचा हुशार मुलगा. घरचं चांगलं आहे, शेती आहे, मिठागर आहे, तरी नोकरी करतोय बघ."

तेवढ्यात गंगू त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मासळीचा दरवळ तिच्याबरोबर आत आला. वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग धर्मराजकडे.

"ही कोळीण तुझ्याबरोबर आहे?"

उत्तर साधं होतं, एका शब्दाचं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"हो... म्हणजे, गावातल्या आहेत. शेजारच्या. बायजाबाई."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आता ही ओरडेल. कोळीवाड्यात गंगूच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण तिनं फक्त पदर डोक्यावरून पुढे ओढला.

कारकुनानं कपाटातून रजिस्टर काढलं. शेव्याचा पोलीस पाटील महिन्याच्या महिन्याला जन्ममृत्यूच्या नोंदी पाठवायचा, त्या वर्षावर्षानं बांधून ठेवलेल्या होत्या. कारकुनाचं बोट ओळींवरून सरकत थांबलं, पुढे गेलं, पुन्हा थांबलं.

"पंचाईत आहे. छत्तीस साली शेव्याच्या रामचंद्र कोळ्याला मुलगा, अशा दोन नोंदी आहेत. एक जानेवारीच्या शेवटची, एक ऑगस्टातली. मुलाचं नाव कुठेच नाही. त्या वेळी बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची. यातला तू कोणता?"

धर्मराजनं वाकून दोन्ही ओळी वाचल्या. त्याला ठाऊक नव्हतं.

"माघातला," मागून गंगू म्हणाली. "माघी गनपतीच्या पुढल्या आठवड्यातला. रात सरताना झाला. पायालू होता, सुइनीनं हात टेकलं होतं."

कारकुनानं मान वर केली. "तुला काय माहीत, बाई?"

"मी थितंच होते."

"आणि हा ऑगस्टातला कुणाचा?"

गंगू आता बायजा होती. आणि बायजाच्या नवऱ्याचं नावही रामचंद्रच होतं.

"तो माझा," ती म्हणाली. "नारली पुनवेला झालता. वाचला नाय."

वामनरावांनी मान खाली घातली. कारकुनाचा आवाज मऊ झाला. "बरं बरं. मग तुझाच जबाब लिहून घेतो. खरं तर असा जबाब आईचा घ्यायचा असतो. काय रे, आई हयात आहे ना तुझी?"

धर्मराजनं तोंड उघडलं. हीच वेळ होती. मागे फिरायला याहून चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे त्याला कळत होतं. तो वामनरावांच्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला.

"नाय," गंगू म्हणाली. "मेली ती."

कारकुनानं तसं लिहिलं. बायजा रामचंद्र कोळी, राहणार शेवे, शेजारीण, जन्माच्या वेळी हजर. आई मयत. गंगूनं शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. नक्कल हातात पडली.

बाहेर येताना वामनरावांनी पाटीवरचं फडकं उचलून पाहिलं. "वा! पापलेट! बायजाबाई, कशी दिलीस?"

"घ्या की, सायेब. तुमच्यासाठीच हायती. शेजारच्या पोराचं काम केलंत."

वामनराव नको नको म्हणत राहिले आणि गंगूनं सगळी पापलेटं वडाच्या पानांत बांधून त्यांच्या हातात दिली. धर्मराज खांबाला टेकून उभा होता. आपल्या आईनं आपल्या साहेबाला मासळी बांधून दिली आणि साहेबानं ती हसत हसत घेतली. नाक कुणी मुरडलं नाही, टिंगलही केली नाही कुणी. ज्या गोष्टीला तो एवढा भ्याला होता, ती झालीच नव्हती. मग त्यानं आईला मारलं ते कशासाठी?

परतीच्या वाटेवर गंगू पुढे होती. बांधावर दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग उन्हात डोळे दिपवत होते. धर्मराजनं दोनदा हाक मारली, "आये." तिसऱ्यांदा ती न वळताच म्हणाली, "कुनाला हाका मारतोस रं पोरा? तुझी आय तर मेली."

घरी आल्यावर तिनं रांधलं. धर्मराज चुलीपाशी नेहमीच्या जागी बसायला गेला, तर ताट बाहेर ओटीवर मांडलेलं. आलागेला, शेजारीपाजारी यांना मांडतात तसं, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून. "जेवा," गंगू म्हणाली आणि आत गेली. जन्मात पहिल्यांदा त्याच्या आईनं त्याला अहोजाहो केलं होतं.

पण गंगू एवढ्यावर थांबणारी नव्हती. संध्याकाळी ती उठून पलीकडच्या घरी गेली. तिथं खरी बायजा सुकट निवडत बसली होती.

"बायजे, तुझ्या नावाचा आंगठा मी उरनला उठवून आले," गंगूनं सरळ सांगितलं.

बायजाच्या हातातलं सूप खाली पडलं. कोळीवाड्यात अंगठा म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या आजोबानं न वाचता अंगठा दिला आणि होडी गेली, कुणाचं घर गेलं. बायजा विधवा, मागंपुढं कुणी नसलेली. ती अंगणात येऊन छाती पिटायला लागली. "माझं खोपटं गेलं गो! कागदावर आंगठा दिलाय माझा! कुनी केलंय हे?"

माणसं जमली. पुरुष होड्या सोडून वर आले. "काय झालं? कुनी उठवला आंगठा?" बायका गंगूला विचारू लागल्या. गंगू म्हणाली, "त्याला इचारा. ओटीवर बसलाय."

सगळी धर्मराजकडे वळली. हीच माणसं तो मॅट्रिक झाला तेव्हा वाजतगाजत त्याच्या दारी आली होती. त्यांच्यासमोर उभं राहून त्याला सांगावं लागलं. आधी त्यानं गोलगोल बोलून पाहिलं, कचेरीचा नियम, कागदाची अडचण. मग कोळीवाड्याचा म्हातारा पाटील तुळशीराम म्हणाला, "पोरग्या, नियम ऱ्हाऊ दे. तू आयेला शेजारीन कशाला म्हनलास ते सांग."

"मला... लाज वाटली," धर्मराज म्हणाला.

"कसली?"

समोर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या अंगाला तोच वास होता. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी शिवी दिली नाही. एकेक करून माणसं गेली आणि अंगण रिकामं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

बायजा तेवढी उरली. ती गंगूपाशी बसून अजून हुंदके देत होती. गंगू हळू आवाजात म्हणाली, "आजून एक हाय, बायजे. तुझ्या पोराला पन मी माझं म्हनले थितं. नारली पुनवेचा. त्याचं लिवलेलं हाय त्या वहीत."

बायजा रडायची थांबली. "लिवलेलं हाय? त्याचं?"

"हाय. कारकुनानं वाचलं."

"त्याचं तर नाव पन नवतं ठेवलं," बायजा म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "मना वाटलं, त्याला कुनी मोजलंच नाय." मग धर्मराजकडे वळून म्हणाली, "मना ने थितं. आंगठा पन खोडायचा आनि ते पन ऐकायचं."

धर्मराजनं मान हलवली. सोमवारी हापिसात नक्कल द्यायची होती, यादी साहेबाकडे जाणार होती. त्या दिवशी तो मुंबईला गेला नाही. रविवारी रात्री त्यानं आईला विचारलं, "आये, उद्या येशील ना? तुझा जबाब लागेल."

"मेलेली मानसं कचेरीत जात नायत," गंगू म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

सोमवारी तो बायजाला घेऊन कचेरीत गेला. कारकुनासमोर नक्कल ठेवली आणि उभ्यानंच सांगून टाकलं, की परवाची बाई बायजा नव्हती, ही बायजा आहे. ती बाई माझी आई. मी खोटं बोललो. कचेरीत सातबाऱ्यासाठी आलेली माणसं होती, पट्टेवाला होता. सगळे ऐकत होते.

कारकून आधी चिडलाच. "तुला अक्कल आहे का? खोटा जबाब म्हणजे गुन्हा आहे. तुझ्या पायी माझी नोकरी जाईल! आणि ती बाई तरी... स्वतःच्या तोंडानं मेली म्हणाली?" मग त्याचाच आवाज खाली आला. "का रे, पण?"

धर्मराजनं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं नव्हतं.

कारकुनानं नक्कल फाडून टाकली आणि परवाच्या जबाबावर रद्द असं लिहिलं. "मामलेदारसाहेबांना मी सांगेन. नव्यानं अर्ज कर. पण आईला आण. तिच्याशिवाय व्हायचं नाही."

बायजाला कचेरीच्या व्हरांड्यात बसवून तो निघाला. गंगू बाजारात असणार, हे त्याला माहीत होतं. मासळीबाजाराच्या चिखलात ती कोपऱ्यावर बसली होती, पुढ्यात पाटी, हातात कोयता. तो जाऊन समोर उभा राहिला. पांढरा सदरा, पायांत बूट.

"आये, चल. कारकून बोलावतोय."

"गिऱ्हाईक हाय."

तो बाजूला सरकला. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. उरणच्या शाळेतले त्याचे मास्तर पिशवी घेऊन आले. त्याला पाहून म्हणाले, "धर्मराज? तू इथं काय करतोस?"

"आईबरोबर आहे, सर. ही माझी आई."

गंगूनं ऐकलं. मान वर न करता ती मासा कापत राहिली. त्या दिवशी तिनं शेवटची बोयरी मासळी विकेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं. घाई केली नाही, एखादा वाटा स्वस्तात देऊन मोकळी झाली नाही. पाटी पालथी घातली, हात धुतले, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चल."

कचेरीत कारकुनानं नवा कागद घेतला. "नाव?"

"गंगू रामचंद्र कोळी."

"मुलाशी नातं?"

गंगूनं धर्मराजकडे पाहिलं. "त्याला इचारा."

"आई," धर्मराज म्हणाला. शब्द नीट उमटला नाही. कारकून "काय?" म्हणाला. त्याला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. पट्टेवाल्यानं वळून पाहिलं.

गंगूचा अंगठा झाला, तशी बायजा पुढे आली. कारकुनानं काही न विचारता रजिस्टरचं ते पान काढलं आणि सावकाश वाचलं. ऑगस्टची तारीख, गाव शेवे, बापाचं नाव रामचंद्र, जात कोळी, मुलगा. मग त्यानं मृत्यूंची पानं उलटली आणि तीही नोंद वाचली. पोर आठ दिवसांचं, ताप. बायजानं हात पुढे केला. "कुठं हाय ते? बोट ठेवा." कारकुनानं तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली. धर्मराजला तिथं उभं राहवेना. हिच्या नावामागे तो लपला होता, आणि नाव घेताना या नावाच्या बाईचं आयुष्य काय आहे, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

नवी नक्कल मिळायला चौकशी होऊन पावसाळा उलटला. तोवर कायमची जागा दुसऱ्याला गेली होती. वामनरावांना त्यानं स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ टेबलावरची दौत इकडून तिकडे सरकवत राहिले आणि म्हणाले, "अरे, मी तुझ्या आईला कोळीण म्हणालो. आणि पापलेटं फुकट घेऊन गेलो." त्यानंतर त्यांचं ते मोकळं हसणं धर्मराजच्या वाट्याला पूर्वीसारखं कधी आलं नाही. दोघेही एकमेकांसमोर अवघडून जात. धर्मराज कायम झाला तो पुढल्या वर्षी.

गंगूनं ताट पुन्हा चुलीपाशी मांडलं, ते कचेरीतून आल्याच दिवशी. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, निदान त्याच्याशी तरी. चारचौघांत मात्र ती तो किस्सा रंगवून सांगू लागली. हळदीला, साखरपुड्याला बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचं, "गंगूबाय, तू उरनला मेलेलीस ते सांग." मग ती पट्टेवाल्याची नक्कल करायची, कारकुनाची करायची. "मी म्हनलं, मेली ती! आनि आंगठा दिला मेलेल्या बाईनं!" मांडव हसून लोटपोट व्हायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायची बायजा.

धर्मराजचं लग्न झालं, पोरं झाली, तरी तो किस्सा चालूच राहिला. त्यात गंगूनं त्याला कधी वाईट ठरवलं नाही. "पोरगं भ्यालं होतं," एवढंच म्हणायची. तोही इतरांबरोबर हसायचा. पण किस्सा त्या प्रश्नापाशी आला, आई हयात आहे का, की त्याची नजर आपोआप जमिनीकडे जायची, आणि हसू ओसरेपर्यंत ती वर येत नसे.